कीर्द, खतावणी आणि डेटाबेसचा इंडेक्स

चवथीला आठ दिवस राहिले की म्हापशाच्या घाऊक किराणा दुकानात पाय ठेवायला जागा नसते. शिवोली, थिवी, अस्नोडा, पार पेडण्यापासूनचे छोटे दुकानदार नारळ, गूळ, रवा, मैदा, तेलाचे डबे भरायला येतात. बिल करण्याआधी प्रत्येकाची जुनी बाकी किती, हे शेटना पडद्यावर बघायचं असतं. त्या वर्षी गिऱ्हाइकाचा नंबर घातला की पडदा वीस-बावीस सेकंद हलायचाच नाही. चारही काउंटर खोळंबलेले आणि रांग बाहेर रस्त्यापर्यंत. सॉफ्टवेअर आम्हीच फोंड्याहून करून दिलेलं, त्यामुळे फोन मला आला.

"बाब, नवा कॉम्प्युटर आणू काय?" शेटनी विचारलं.

कॉम्प्युटर जुना होताच. दोन जीबी मेमरी, साधी फिरती हार्ड डिस्क. पण खरं दुखणं तिथे नव्हतं. मी त्यांना विचारलं, तुमच्या वडिलांच्या वेळी बाकी कशी काढायचे? त्यांनी वरच्या फळीवरून लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या काढल्या. एक कीर्द, एक खतावणी. पुढचं सगळं मी त्या दोन वह्यांवरून समजावलं. इथेही तसंच सांगतो, कारण डेटाबेस, म्हणजे सॉफ्टवेअर आपली सगळी माहिती ज्यात साठवतं तो भाग, आतून कसा चालतो हे सांगायला मला त्याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

कीर्दीत व्यवहार घडतात तसे तारखेनुसार एकाखाली एक उतरतात. लिहायला सोपी, पण एका माणसाचा हिशेब काढायचा तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवावं लागतं. खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं खातं असतं, आणि खात्यातल्या प्रत्येक नोंदीशेजारी एक अरुंद रकाना: ही नोंद कीर्दीच्या कितव्या पानावरची. पेडण्याच्या एका दुकानदाराचं खातं आम्ही उघडलं, तर त्या रकान्यात बारीक अक्षरात ४१, ५८, ५८, ७३ असे आकडे उतरत गेलेले. म्हणजे या माणसाचे सगळे व्यवहार हवे असतील तर कीर्दीची ही तीनच पानं उघडा, बाकीच्यांना हात लावू नका.

डेटाबेसमधलं टेबल म्हणजे कीर्द. इंडेक्स म्हणजे खतावणीतलं नाव आणि तो अरुंद रकाना. इंडेक्समुळे कॉम्प्युटर जोरात पळत नाही, त्याला कमी पानं उलटावी लागतात एवढंच. क्वेरी (डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी) हळू चालते तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: किती पानं उलटली?

पान हा शब्द मी उपमा म्हणून वापरत नाही. डेटाबेस डिस्कवरून एक-एक ओळ वाचतच नाही, तो अख्खं पान उचलतो. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये हे पान ८ केबीचं असतं, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवणीच्या भागात १६ केबीचं. आमचा डेटाबेस पोस्टग्रेसचा. शेटच्या टेबलात बिलातली प्रत्येक ओळ साठवलेली होती, बारा वर्षांच्या साधारण २४ लाख ओळी. एक ओळ २०० बाइटची धरली तर एका पानावर ४० ओळी मावतात, म्हणजे ६०,००० पानं, सुमारे ४८० एमबी. इंडेक्स नव्हता, त्यामुळे एका गिऱ्हाइकाच्या बाकीसाठी ही साठही हजार पानं वाचली जात होती. सेकंदाला १०० एमबी वाचणाऱ्या डिस्कला एकटीला पाच सेकंद लागतील. चार काउंटरनी एकदम मागितलं, मधेच कुणी नवं बिल सेव्ह केलं, की त्याचे वीस होतात.

आता खतावणीत एक अडचण आहे. खातं तरी पटकन कसं सापडणार? एक हजार गिऱ्हाइकं असतील तर खतावणीही जाडजूड होते. म्हणून तिच्या सुरुवातीला नावांची अनुक्रमणिका लावतात. ती पण फुगली तर अनुक्रमणिकेची अनुक्रमणिका. ऐकायला विचित्र वाटेल, पण जगातले बहुतेक डेटाबेस नेमकं हेच करतात. या रचनेला बी-ट्री म्हणतात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट या दोघांनी ती बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करताना मांडली. त्यांचा निबंध १९७२ साली छापून आला. बी म्हणजे काय, हे त्यांनी कधीच उघड केलं नाही.

आकड्यांत बघू. इंडेक्सच्या एका नोंदीत फक्त गिऱ्हाइकाचा नंबर आणि टेबलातली जागा असते, त्यामुळे ती लहान असते. पानात थोडी जागा मोकळी सोडूनही एका पानावर ३०० नोंदी सहज मावतात. २४ लाख नोंदींना तळाची ८,००० पानं लागतील. त्या ८,००० पानांची अनुक्रमणिका २७ पानांत बसते. त्या २७ पानांची अनुक्रमणिका एकाच पानात. संपलं. वरचं एक पान, मधल्या २७ मधलं एक, तळाचं एक: तीन पानं उलटली की २४ लाखांतून हवी ती नोंद हातात, आणि चौथं पान टेबलातली प्रत्यक्ष ओळ. वरची २८ पानं इतकी वरचेवर लागतात की ती मेमरीतच राहतात, डिस्कपर्यंत जावंच लागत नाही.

अख्ख्या गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४,५८,५४५ होती. प्रत्येक माणसाची एक नोंद केली तरी तीन पायऱ्यांतच काम भागेल. आणि त्याच तीन पायऱ्यांत २ कोटी ७० लाख नोंदी मावतात, कारण प्रत्येक पायरीला ३०० ने गुणायचं असतं. झाड उंच वाढवायचं नाही, रुंद वाढवायचं, ही बायर-मॅक्रेट यांची खरी हुशारी. प्रत्येक फाट्यावर दोनच वाटा असलेलं झाड केलं असतं तर २४ लाखांसाठी २२ पायऱ्या झाल्या असत्या, आणि वाईटात वाईट म्हणजे २२ वेळा डिस्ककडे धाव.

तळाची पानं क्रमाने एकमेकांना जोडलेली असतात. म्हणून 'चवथीच्या आधीच्या दहा दिवसांतली बिलं' असा पट्टा मागितला तरी तारखेच्या इंडेक्समध्ये पहिली तारीख शोधून पुढे सरकत राहायचं, पुन्हा वरून उतरायला नको. हॅश नावाचा दुसरा प्रकार आहे, तो 'बरोबर हाच नंबर' एवढंच सांगू शकतो, पट्टा त्याला जमत नाही. त्यामुळे रोजच्या कामात बी-ट्रीच.

मी त्याच दुपारी गिऱ्हाइकाच्या नंबरावर इंडेक्स केला. छोट्या गिऱ्हाइकांची बाकी लगेच यायला लागली. पण पेडण्याच्या त्या जुन्या दुकानदाराचा नंबर घातला तर पडदा पुन्हा थबकला. त्याच्या बारा वर्षांत ३,००० ओळी होत्या, आणि त्या एका जागी नव्हत्या. कीर्दीसारख्याच तारखेप्रमाणे ६०,००० पानांत विखुरलेल्या. तीन पानांत खातं सापडलं, पण पुढे ३,००० उड्या. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पुरा करायला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यात वाचणारं डोकं जागेवर नेणं आलं, की एका उडीला साधारण १० मिलिसेकंद. ३,००० उड्या म्हणजे ३० सेकंद! पोस्टग्रेस हवी असलेली पानं आधी क्रमाने लावून घेतो म्हणून प्रत्यक्षात इतके लागले नाहीत, पण रांगेतल्या माणसाला जाणवण्याइतके लागले.

वाट दाखवली ती शेटनीच. "वडील उधारीची वही वेगळी ठेवायचे," ते म्हणाले. "पैसे आले की नाव खोडायचे."

डेटाबेसमध्ये याला आंशिक इंडेक्स म्हणतात: सगळ्या ओळींचा नाही, फक्त ज्या ओळींवर बाकी आहे त्यांचाच. २४ लाखांत अशा ओळी निघाल्या ९,००० च्या आसपास. तळाची ३० पानं आणि वर एक, एवढीच ती वही. पेडण्याच्या दुकानदाराच्या बाकी राहिलेल्या ओळी सहा. इंडेक्सची दोन पानं, टेबलाची सहा, एकूण आठ. साठ हजारांच्या जागी आठ. रांग त्या संध्याकाळीच ओसरली, कॉम्प्युटर तोच.

एकापेक्षा जास्त रकान्यांवर इंडेक्स करता येतो, आणि तिथे क्रम फार महत्त्वाचा. ज्याने आपल्याकडे जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. आधी तालुका, मग गाव, मग सर्व्हे नंबर, मग पोटविभाग. या क्रमाने लावलेल्या इंडेक्समध्ये 'बार्देश, आसगाव' एवढंच दिलं तरी त्या गावचे सगळे सर्व्हे एकत्र सापडतात. पण नुसतं 'सर्व्हे नंबर १२' म्हणून विचारा. १२ नंबर गावोगाव आहे, इंडेक्सभर पसरलेला आहे, त्यामुळे क्रमाचा फायदा संपला. डावीकडचा रकाना सोडून उजवीकडचा मागितला की इंडेक्स जवळपास निरुपयोगी होतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या हळू क्वेऱ्यांत हे कारण मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिलं आहे.

मग प्रत्येक रकान्यावर इंडेक्स करून मोकळं का होऊ नये? कारण खतवायला वेळ लागतो. कीर्दीत एक ओळ लिहिली की ती खतावणीतही चढवावी लागते, उधारीच्या वहीतही. टेबलावर दहा इंडेक्स असतील तर एका ओळीमागे दहा ठिकाणी लिहिणं आलं. त्यात एखादं तळाचं पान भरलेलं असेल तर त्याची दोन पानं करायची, अर्ध्या नोंदी इकडे, अर्ध्या तिकडे, आणि वरच्या अनुक्रमणिकेत नव्या पानाची नोंद. एका ठिकाणी बिल सेव्ह व्हायलाच वेळ लागतो म्हणून मला बोलावलं होतं. टेबलावर अकरा इंडेक्स, त्यांतले सहा वर्षभर कुठल्याच क्वेरीने वापरलेले नव्हते. डेटाबेस ही मोजदाद ठेवतो, ती बघायची आणि बिनकामाचे काढून टाकायचे.

आता दुसरा अर्धा भाग, जो मला स्वतःला जास्त सुंदर वाटतो. एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत, म्हणजे माहिती टेबलांत ठेवायच्या पद्धतीत, आपण काय हवं ते सांगतो, कसं शोधायचं ते सांगत नाही. कसं, हे ठरवणारा डेटाबेसमधला भाग म्हणजे ऑप्टिमायझर. दुकानातल्या अनुभवी मुनिमासारखा तो प्रत्येक प्रश्नाला आधी हिशेब करतो: खतावणी काढू, की कीर्दच सरळ वाचून काढू? आयबीएमच्या सिस्टम आर या डेटाबेसच्या प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये या हिशेबाची रीत लिहिली: प्रत्येक वाटेचा खर्च आकड्यात मांडा, सगळ्यांत स्वस्त वाट घ्या. आजचे मोठे डेटाबेस बहुतेक त्याच वळणाने जातात.

पोस्टग्रेसचा हिशेब उघडा आहे. ओळीने पुढचं पान वाचायला खर्च १, मधलंच कुठलं तरी पान उडी मारून वाचायला खर्च ४, हे मूळचे आकडे. आपलं टेबल ६०,००० पानांचं, म्हणजे पूर्ण वाचायचा खर्च ६०,०००. उड्या १५,००० च्या पुढे गेल्या की साध्या हिशेबाने इंडेक्स महाग पडायला लागला. १५,००० ओळी म्हणजे २४ लाखांतल्या एक टक्कासुद्धा नाहीत! इंडेक्स असूनही डेटाबेस तो वापरत नाही, ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो, आणि बऱ्याचदा मुनीमच बरोबर असतो. समजा दहातली एक ओळ हवी आहे. एका पानावर ४० ओळी, म्हणजे सरासरी प्रत्येक पानावर चार हव्या असलेल्या निघणार. ज्यावर एकही नाही असं पान शंभरात एक-दोन. जवळपास सगळी पानं उघडायचीच आहेत तर ती क्रमाने उघडलेली बरी. एसएसडी डिस्क (जिच्यात फिरणारं काही नसतं) असेल तर उडी स्वस्त होते, मग तो ४ चा आकडा १.१ च्या आसपास आणतात, आणि इंडेक्स जास्त वेळा फायद्याचा ठरतो.

पण मुनिमाला क्वेरी चालवण्याआधी कसं कळतं, की किती ओळी निघणार? तो नमुना घेऊन आकडेवारी ठेवतो. कुठल्या रकान्यात किती वेगवेगळी मूल्यं, कुठलं मूल्य सारखं येतं, तारखा कशा पसरल्या आहेत. बहुतेक घोळ इथे होतात. पहिला घोळ शिळ्या आकडेवारीचा: रात्रीत दोन लाख ओळी चढवल्या आणि मुनीम अजून कालच्याच अंदाजावर. दुसरा घोळ जास्त बारीक आहे. ऑप्टिमायझर दोन अटींना एकमेकांशी संबंध नसलेल्या मानतो. शेटच्या हजार गिऱ्हाइकांत सत्तरीचे ५०, त्यांतले वाळपईचे ४०. क्वेरीत लिहिलं, 'तालुका सत्तरी आणि गाव वाळपई'. आपल्याला माहीत आहे की वाळपई सत्तरीतच आहे, त्यामुळे पहिली अट असून नसून सारखीच. ऑप्टिमायझरला भूगोल येत नाही. तो ५ टक्के गुणिले ४ टक्के करतो आणि हजारांत २ गिऱ्हाइकं निघतील म्हणतो. निघतात ४०.

वीसपट चूक, आणि तिचा परिणाम पुढे वाढत जातो. दोनच गिऱ्हाइकं म्हटल्यावर त्याने ठरवलं, एकेकाचं खातं उघडून ओळी गोळा करू: माणशी २,४०० ओळी, ४,८०० उड्या, परवडतं. प्रत्यक्षात ९६,००० ओळींमागे तो धावत सुटला, तेव्हा सगळं टेबल एकदा क्रमाने वाचून, गिऱ्हाइकांची यादी मेमरीत धरून जुळवणं कितीतरी स्वस्त होतं. या दुसऱ्या पद्धतीला हॅश जॉइन म्हणतात. पोस्टग्रेसच्या २०१७ सालच्या १० व्या आवृत्तीपासून 'हे दोन रकाने एकमेकांवर अवलंबून आहेत' असं त्याला सांगता येतं; क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही ती आज्ञा. तालुका आणि गाव ही जोडी दिसली की मी ती आता आधीच चालवून ठेवतो.

टेबलं वाढली की वाटाही भराभर वाढतात. चार टेबलं एकामागून एक जोडायचे क्रम २४, दहा टेबलांचे ३६,२८,८००. सेलिंजर यांच्या रीतीत छोट्या गटांची सगळ्यांत चांगली वाट एकदा काढून ठेवतात आणि तीच मोठ्या गटात वापरतात, म्हणून सगळे क्रम तपासावे लागत नाहीत. तरीही बारा टेबलांपासून पोस्टग्रेस सगळं पडताळायचं सोडून अंदाजपंचे चांगली वाट शोधणाऱ्या पद्धतीकडे वळतो.

आपल्याकडची एक खास अडचण आडनावांची. गिऱ्हाइकांची नावं इंग्रजी अक्षरांत भरलेली. कामत के अक्षराखाली, पण ज्यांच्या कागदपत्रांवर पोर्तुगीज काळचं कामोतीं आहे ते सी अक्षराखाली. नाईक कुणी सरळ के ने संपवतो, कुणी क्यू-यू-ई ने. इंडेक्स अक्षरांच्या क्रमाने लावलेला असतो; त्याला ही एकच आडनावं आहेत हे कळायचा मार्ग नाही. म्हणून आम्ही एक वेगळा रकाना ठेवला, त्यात प्रत्येक आडनावाचं एक ठरलेलं रूप भरलं आणि इंडेक्स त्या रकान्यावर केला. जुनी कागदावरची रूपं तशीच राहिली, ती बदलायचा अधिकार आपला नाही.

शेवटावरून शोधणं ही आणखी एक गोष्ट. 'ज्यांचं आडनाव कर ने संपतं' असं विचारलं तर क्रमाने लावलेली यादी काहीच मदत करत नाही. पहिलं अक्षरच माहीत नाही तर उघडायचं कुठे? असा शोध रोजच लागत असेल तर नाव उलटं करून त्यावर इंडेक्स करतात, म्हणजे शेवट सुरुवातीला येतो. हीच चूक तारखांबाबत वेगळ्या रूपात होते. 'तारखेतून वर्ष काढ आणि ते २०२३ आहे का बघ' असं लिहिलं तर प्रत्येक तारखेवर आधी गणित करावं लागतं, तारखेचा इंडेक्स बाजूला पडतो. '१ जानेवारी २०२३ पासून १ जानेवारी २०२४ च्या आधीपर्यंत' असं लिहिलं की तोच इंडेक्स कामाला येतो. उत्तर दोन्हींचं एकच.

हे सगळं स्वतः बघायचं असेल तर क्वेरीच्या आधी एक्स्प्लेन लिहायचं, कंसात ॲनालाइझ आणि बफर्स. मग क्वेरी खरोखर चालते आणि कुठली वाट घेतली, प्रत्येक टप्प्यावर किती पानं लागली ते छापून येतं. मात्र डेटा बदलणाऱ्या आज्ञेवर हे जपून करा, कारण ती आज्ञाही खरोखर चालते. मी आधी दोनच आकडे शेजारी-शेजारी बघतो: अंदाज केलेल्या ओळी आणि प्रत्यक्ष निघालेल्या ओळी. शेटकडे वाळपईच्या क्वेरीत ते २ आणि ४० होते. अंदाज आणि प्रत्यक्ष जुळत असतील आणि तरी वेळ लागत असेल, तर इंडेक्स कमी आहे किंवा त्याच्या रकान्यांचा क्रम चुकला आहे. जुळत नसतील तर नवा इंडेक्स करण्याआधी त्या टेबलावर ॲनालाइझ ही वेगळी आज्ञा चालवतो, म्हणजे मुनिमाला ताजी आकडेवारी मिळते, आणि तीच क्वेरी पुन्हा टाकून पानांचा आकडा बघतो.